स्वस्त गिटारचं उरलेलं काम

बारा-पंधरा हजारांची इलेक्ट्रिक गिटार घरी आणलेल्या माणसाला पहिल्या महिन्यात एक प्रश्न पडतोच: माझी बोटं कच्ची आहेत, की गिटारच वाईट आहे? सहाही तारा सुरात लावलेल्या असतात, मोबाइलमधला ट्यूनर प्रत्येक तारेला हिरवा दिवा दाखवत असतो, आणि तरी साधी ई मेजर कॉर्ड धरली की कानाला खटकतं. बोट जोरात दाबलं की जास्तच खटकतं. शिकवणारा सांगतो, रियाज वाढवा.

नाशिकच्या एका परिचारिका बाईंनी मला त्यांची हकिगत सांगितली. टाळेबंदीच्या काळात त्यांनी ऑनलाइन गिटार मागवली. एकाच खोक्यातून गिटार, छोटा अ‍ॅम्प, केबल, पट्टा आणि पिशवी असं सगळं आलं. लहानपणी आईच्या भजनी मंडळात त्या पेटी वाजवायच्या, त्यामुळे कान तयार होता. तो कान पहिल्या दिवसापासून सांगत होता की तिसऱ्या तारेवरचा स्वर चढा लागतोय. व्हिडिओतले शिक्षक मात्र सांगत होते की सुरुवातीला सगळ्यांचं असंच होतं. रात्रपाळीहून येऊन त्या बोटं दुखेपर्यंत बसायच्या. शेवटी गिटार कपाटावर गेली. दोन वर्षांनी भाच्याने ती मुंबईला नेली, एका कारागिराकडून अर्ध्या-पाऊण तासात नीट करून आणली आणि मावशीच्या हातात दिली. ‘म्हणजे दोन वर्षं माझा कान बरोबर होता,’ त्या म्हणाल्या, ‘आणि मी नेमका त्याच्यावरच विश्वास ठेवला नाही.’

हे ऐकून मला वाईट वाटलं, आणि रागही आला. स्वस्त गिटारबद्दल बोलताना लाकूड, पिकअप (तारेचं कंपन विजेत बदलणारं चुंबक-वेटोळं) आणि ब्रँड यांचीच चर्चा होते. ज्यांनी ती घेतली आणि वाजवली त्यांच्याशी बोलत गेल्यावर माझं मत वेगळं बनलं. आजच्या स्वस्त गिटारमध्ये सामान बहुतेक वेळा ठीकच असतं. कमी पडतो तो माणसाच्या हाताचा शेवटचा अर्धा-पाऊण तास. कारखान्यात वाचवलेला तो वेळ पुढे कोणाला तरी घालावाच लागतो. मालकाला हे कोणी सांगत नाही, म्हणून तो दोष स्वतःकडे घेतो.

*

कारागिराच्या हाताखाली त्या अर्ध्या-पाऊण तासात काय होतं, ते मी गिरगावात एका चाळीच्या तळमजल्यावर पाहिलं. हे गृहस्थ अनेक वर्षं वाद्यवृंदांत बेस गिटार वाजवत होते, आता दुरुस्ती करतात. सगळे त्यांना मामा म्हणतात. समोर आलेली प्रत्येक नवी गिटार ते आधी वाजवतच नाहीत. मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या म्हणजे फ्रेट. त्यातल्या तिसऱ्या फ्रेटवर तार दाबतात आणि डोळा खाली नेऊन पहिल्या फ्रेटकडे बघतात. ‘इथं तार आणि फ्रेटच्या मधून कागद जेमतेम सरकला पाहिजे. हिच्यात पोस्टकार्ड जाईल.’

तारा मानेवर उतरतात तिथे एक छोटी खाचांची पट्टी असते, तिला नट म्हणतात. प्रत्येक तारेला एक खाच. स्ट्रॅटोकास्टर पद्धतीच्या गिटारमध्ये तारेची वाजणारी लांबी ६४८ मिलिमीटर असते आणि पहिला फ्रेट नटपासून जेमतेम ३६ मिलिमीटरवर येतो. खाच उथळ राहिली तर तार तिथे उंच राहते. मग पहिल्या फ्रेटवर बोट ठेवताना तार इतक्या कमी अंतरात खाली खेचावी लागते, ती ताणली जाते आणि स्वर चढतो. पुढच्या फ्रेटवर हा दोष कमी होत जातो. नवशिक्याच्या सगळ्या कॉर्ड मात्र पहिल्या तीन फ्रेटमध्येच असतात. ज्याला सर्वांत कमी येतं, त्याच्या वाट्याला गिटारचा सर्वांत वाईट भाग येतो.

कारखाने खाच उथळ का ठेवतात, याचं कारण सरळ आहे. खाच केसभर जास्त खोल गेली तर मोकळी तार फ्रेटवर आपटून खरखरते आणि नट फेकून द्यावा लागतो. उथळ राहिली तर गिटार खोक्यात भरता येते. खरखरणारी गिटार गिऱ्हाईक परत पाठवतं. बोटं दुखवणारी गिटार ते ठेवून घेतं आणि स्वतःला नावं ठेवतं.

मामा बारीक गोल कानशीने एकेक खाच उतरवतात. दोन घासे, तार परत बसवायची, पाहायचं, पुन्हा दोन घासे. मग मानेकडे वळतात. ९ ते ४२ या बारीक तारांचा संच सुरात लावला की मानेवर एकूण सुमारे ३८ किलोचा ताण येतो. त्या ताणाने मान पुढे वाकते. ती आवरायला मानेच्या पोटात लोखंडी सळई असते, तिला ट्रस रॉड म्हणतात. गिब्सन कंपनीच्या थॅडियस मॅक्ह्यू यांना तिचं पेटंट १९२३ साली मिळालं आणि आजही बहुतेक गिटारमध्ये तीच कल्पना आहे. अ‍ॅलन की पाव फेरा फिरवली तरी मानेचा बाक बदलतो. बाक थोडा हवाच, मधोमध सुमारे पाव मिलिमीटर, कारण हलणाऱ्या तारेला जागा लागते. त्यानंतर बाराव्या फ्रेटपाशी जाड तारेची उंची दोन मिलिमीटरच्या आसपास आणायची. शेवटी ब्रिजवरचे, तारांचं दुसरं टोक टेकतं ते सहा सॅडल पुढे-मागे करून बाराव्या फ्रेटवरचा स्वर आणि त्याच जागेचा हार्मोनिक जुळवायचा. जाड तार कडक असते, तिला थोडी जास्त लांबी द्यावी लागते, म्हणून सॅडल तिरक्या रांगेत उभे राहतात. या सगळ्याला मिळून सेटअप म्हणतात. मुंबई-पुण्यात त्याचे साधारण दीड-दोन हजार पडतात.

नवे मालक सर्वांत जास्त तक्रार करतात ती ‘सूर टिकत नाही’ ही, आणि तिचं खापर खुंट्यांवर फोडतात. खुंट्या बदलूनही सूर टिकत नाही, कारण तार नटच्या खाचेत अडकत असते. तार खेचून सोडली की ती खाचेतून पूर्ण परत येत नाही, आणि सुटली की टुक असा आवाज होतो. तो आवाज ऐकला की मामा खुंट्यांकडे बघतही नाहीत. खाच साफ करून तिच्यात पेन्सिलचं शिसं घासतात.

*

गिटार स्वस्त करण्याचे रस्ते अनेक आहेत आणि प्रत्येक काळाने वेगळा निवडला.

कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या लिओ फेंडरला गिटार वाजवता येत नव्हती. कदाचित म्हणूनच त्याने गिटारकडे परंपरेच्या नजरेने पाहिलं नाही. १९५० साली त्याने बाजारात आणलेल्या, पुढे टेलिकास्टर या नावाने ओळखल्या गेलेल्या गिटारचं धड म्हणजे एक भरीव फळी होती आणि मान चार स्क्रूंनी बसवलेली होती. मान खराब झाली तर काढून दुसरी लावा. सरस लावून दिवस दिवस शिकंज्यात धरण्याचं काम संपलं. आजची प्रत्येक स्वस्त गिटार या चार स्क्रूंची ऋणी आहे. तरी १९५४ ची स्ट्रॅटोकास्टर ट्रेमोलोसह २४९ डॉलर ५० सेंटना होती आणि कामगाराच्या पोराला ती परवडत नव्हती.

ती उणीव न्यू जर्सीच्या नेथन डॅनियलने भरून काढली. त्याची डॅनइलेक्ट्रो कंपनी सिअर्सच्या कॅटलॉगसाठी ‘सिल्व्हरटोन’ नावाने गिटार बनवायची. पॉपलर लाकडाच्या चौकटीला पुढून-मागून मेसोनाइट, म्हणजे दाबलेल्या भुश्याची हार्डबोर्डसारखी फळी. नट अ‍ॅल्युमिनियमचा. पिकअपचं वेटोळं आणि चुंबक लिपस्टिकच्या धातूच्या नळीत बसवलेले. या नळ्या तो लिपस्टिकवाल्यांना नळ्या पुरवणाऱ्यांकडूनच घ्यायचा. १९६२ च्या सुमाराला आलेल्या १४४८ या मॉडेलची किंमत ६७ डॉलर ९५ सेंट होती आणि तिची पेटी उघडली की पेटीतच अ‍ॅम्प आणि स्पीकर असायचा. टपालाने घरी यायची. ब्रिजवर साधी लाकडी पट्टी होती, त्यामुळे सहाही तारांचा सूर नेमका जुळवणं अवघडच. पण डॅनियलने कात्री लावली ती सामानाला, आणि त्या सामानातून निघालेला चमकदार, पोकळसर आवाज लोकांना आवडला. जिमी पेजने पुढे लेड झेपलिनच्या मोठ्या मैफलींत डॅनइलेक्ट्रो वाजवली, तेव्हा त्याला वाटेल ती गिटार विकत घेता येत होती.

जिमी हेंड्रिक्सला वडिलांनी १९५९ साली घेऊन दिलेली पहिली इलेक्ट्रिक गिटार सुप्रो ओझार्क होती, तीही स्वस्तातली. ती चोरीला गेली आणि त्यानंतर आली ती डॅनइलेक्ट्रो. फेंडरने १९६४ साली विद्यार्थ्यांसाठी काढलेली मस्टँग पुढे जुन्या बाजारात स्वस्त मिळायची, म्हणून गरीब पोरांच्या हातात गेली. त्यातलाच एक कर्ट कोबेन. त्याच्या निर्वाणा या बँडच्या गाजलेल्या व्हिडिओत दिसलेली त्याची निळी मस्टँग २०२२ साली लिलावात ४५ लाख डॉलरहून जास्त किमतीला गेली. एडी व्हॅन हेलनने ५० डॉलरचं सदोष ठरवलेलं धड आणि ८० डॉलरची मान घेऊन आपली पट्ट्यापट्ट्यांची गिटार जुळवली, आणि पिकअपची शीळ थांबवायला ते वितळलेल्या पॅराफिन मेणात बुडवले. आजही स्वस्त पिकअप किंचाळायला लागला की मालक हाच उपाय करतात. वेटोळ्याची तार सैल असते, ती आवाजाने थरथरते आणि पिकअप मायक्रोफोनसारखा वागायला लागतो. मेण आत शिरून तार धरून ठेवतं.

या कहाण्या मी सांगतो त्या ‘मोठे लोकही स्वस्त गिटार वाजवत’ एवढ्यासाठी नाही. यांतल्या कित्येकांनी ती गिटार उघडली, कापली, बदलली. तिचं उरलेलं काम त्यांनी स्वतः केलं.

*

साठच्या दशकात जपानी गिटार जगभर स्वस्तात जायला लागल्या आणि सत्तरच्या दशकात तिथले कारखाने अमेरिकी गिटारच्या इतक्या हुबेहूब नकला करू लागले की गिब्सनच्या मालक कंपनीने १९७७ साली इबानेझच्या अमेरिकेतल्या वितरकाला कोर्टात खेचलं. वाद गिटारच्या माथ्याच्या आकाराचा होता. फेंडरने वेगळा मार्ग धरला. मात्सुमोतोच्या फुजीगेन कारखान्याशी हातमिळवणी करून १९८२ साली ‘स्क्वायर’ हे नाव बाजारात आणलं. त्या पहिल्या जपानी स्क्वायर आज संग्राहक शोधत फिरतात, कारण तिथे किंमत कमी ठेवताना हाताच्या कामाला कात्री लागली नव्हती. १९८५ च्या प्लाझा करारानंतर येन झपाट्याने महागला आणि स्वस्त गिटारचं काम जपानबाहेर निघालं. आधी दक्षिण कोरिया, मग चीन आणि इंडोनेशिया.

इथे सामान स्वस्त करण्याचा काळ संपला आणि मजुरी स्वस्त करण्याचा सुरू झाला. कोरियातल्या कोर-टेक या कंपनीत, जिला आपण कॉर्ट या नावाने ओळखतो, अनेक नामवंत ब्रँडच्या गिटार बनत. २००७ साली तिने इंचॉन आणि देजॉन इथल्या कामगारांना काढलं, ते कारखाने बंद झाले आणि उत्पादन इंडोनेशिया-चीनकडे गेलं. काढलेले कामगार थांबले नाहीत. उपोषणं केली, ठिय्या दिला, परदेशात जाऊन गिटारच्या प्रदर्शनांबाहेर उभे राहिले. २०१० साली अमेरिकेत गिटारवादक टॉम मोरेलोने त्यांना जाहीर पाठिंबा दिला. आयुष्यभर गिटार बनवलेल्या या माणसांपैकी काहींनी स्वतःचा बँड काढला. समझोता झाला तो २०१९ च्या एप्रिलमध्ये, बारा वर्षांनी. गिरणगाव पाहिलेल्या वाचकाला या गोष्टीतलं फारसं काही समजावून सांगावं लागणार नाही.

याच काळात संगणकावर चालणारी कापणीची यंत्रं आली. धड आणि मान आता इंडोनेशियात काय, अमेरिकेत काय, जवळजवळ सारख्याच नेमकेपणाने कापली जातात. स्वस्त आणि महाग गिटारमधलं अंतर यामुळे इतकं कमी झालं की १९७० च्या खरेदीदाराला ते खरं वाटलं नसतं. फ्रेटची टोकं घासणं, फ्रेट एका पातळीत आणणं, नट उतरवणं ही कामं मात्र अजून मोठ्या प्रमाणात हाताचीच आहेत. फ्रेटची पातळी मोजून घासणारं प्लेक नावाचं जर्मन यंत्र आहे, पण ते महागड्या गिटारांच्या वाट्याला येतं. म्हणून दहा हजारांच्या गिटारमध्ये आज सगळ्यांत जास्त काटकसर होते ती तिथे, शेवटच्या कामात.

*

आपल्याकडे ही गोष्ट उशिरा आणि वेगळ्या वाटेने आली. हिंदी सिनेमाच्या वादकवृंदांत इलेक्ट्रिक गिटार पन्नासच्या दशकातच होती. व्हॅन शिप्ले तिच्यावर चित्रपटांची गाणी वाजवायचे. ‘दम मारो दम’मधली १९७१ ची गिटार भूपिंदर सिंग यांची. पण आयातीवर कडक निर्बंध होते, त्यामुळे परदेशी वाद्य म्हणजे जहाजावर काम करणाऱ्या गोव्याच्या नातेवाइकाने आणलेलं, नाहीतर परत जाणाऱ्या वादकाकडून घेतलेलं. धोबी तलावाच्या जेर महालाजवळ गोवेकर वादकांची वस्ती, फुर्ताडोजचं जुनं दुकान आणि जवळच रंगभवन. १९८६ साली रंगभवनात ‘इंडिपेन्डन्स रॉक’ हा रॉक महोत्सव सुरू झाला, तेव्हा मंचावरच्या आणि मंचासमोरच्या पुष्कळ पोरांच्या घरी कोलकात्याच्या गिव्हसनसारख्या देशी गिटारच होत्या. मामाही अशाच गिटारवर शिकले. ‘फ्रेट वर-खाली असायचे. कुठला सूर टाळायचा ते पाठ असायचं,’ असं ते सांगतात.

मुंबईच्या वस्त्यांत मात्र तारांचं एक स्वस्त विजेचं वाद्य गिटारच्या आधीपासून घराघरांत आहे. आपला बेंजो. मूळचं हे जपानी ताइशोगोतो, १९१२ साली नागोयात जन्मलेलं. टाइपरायटरसारखी बटणं, खाली तारा. आपल्याकडे त्याला पिकअप लागला, ट्रकवर भोंगे चढले आणि गणपतीच्या मिरवणुका, कोळीवाड्यातल्या हळदी त्याने गाजवल्या. बेंजो वाजवणारी पोरं स्वतःच वाद्य उघडतात, तारा बदलतात, पिकअप सोल्डर करतात. वाद्य बाजारातून तयार येतं अशी त्यांची समजूतच नसते. गिटार घेणाऱ्यांत ही सवय अजून रुजायची आहे.

*

बाहेरून आलेल्या गिटारला आपली हवा भेटते, तेव्हा नवीच प्रकरणं सुरू होतात. रत्नागिरीच्या एका अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने मला त्याच्या तारा दाखवल्या. आषाढात बदललेल्या तारा श्रावण संपायच्या आत तांबूस झालेल्या. सॅडलची उंची ठरवणारे बारीक स्क्रू गंजून जागीच अडकलेले. स्वस्त गिटारवरचा मुलामा पातळ असतो आणि कोकणची खारी हवा त्याला फार काळ टिकू देत नाही. तो आता पावसाआधी प्रत्येक स्क्रूला शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब देतो आणि वाजवून झालं की तारा कोरड्या फडक्याने पुसतो.

नागपूरच्या एका शाळाशिक्षकाची तक्रार उलटी होती. गिटार ऑगस्टमध्ये घेतली तेव्हा मान गुळगुळीत होती, मे महिन्यात हात फिरवला की करवतीसारखी टोचायची. कोरड्या हवेत लाकूड आकसतं आणि फ्रेटची धातूची पट्टी आहे तेवढीच राहते. जर्मन सिल्व्हर म्हणून आपण भांड्यांत ओळखतो त्याच जातीच्या मिश्रधातूची ती असते. लाकूड मागे सरलं की तिची टोकं बाहेर येतात. महागड्या गिटारचं लाकूड जास्त मुरवलेलं असतं आणि टोकं गोल केलेली असतात, म्हणून तिथे हा त्रास कमी. मास्तरांनी एका सुट्टीत बारीक कानस आणि पॉलिश पेपर घेऊन चव्वेचाळीसच्या चव्वेचाळीस टोकं घासली. आता ही गिटार विकणार नाही, असं त्यांनी मला निक्षून सांगितलं.

लाकडाचीही एक कथा आहे. सगळ्या शिसवी जातींच्या व्यापारावर जानेवारी २०१७ पासून आंतरराष्ट्रीय नियम कडक झाले. तयार वाद्यांना २०१९ च्या अखेरीस सूट मिळाली, पण मधल्या काळात स्वस्त गिटारांच्या बोटपट्टीचं लाकूड बदलून गेलं. स्क्वायरच्या पुष्कळ गिटारवर ‘इंडियन लॉरेल’ आलं. हे लाकूड म्हणजे आपला ऐन. सह्याद्रीच्या जंगलात सुसरीच्या पाठीसारखी साल असलेला जो उंच वृक्ष दिसतो, तोच. नव्या मालकांना ही पट्टी फिकट आणि कोरडी वाटते, आणि लाकूड हलकं आहे अशी शंका येते. ऐन हलका नाही. त्याला तेलाचा हात लागतो, एवढंच. खनिज तेलाचे चार थेंब चोळून पुसले की रंग गडद होतो. खोबरेल लावू नये, ते खवट होतं.

विजेची बाजू मात्र गंभीर आहे. वसईतल्या एका चर्चच्या तरुण गायकवृंदात गिटार वाजवणाऱ्या मुलाने सांगितलं की तारांना हात लावला की गुणगुण थांबते आणि हात काढला की सुरू होते, म्हणून गिटार बिघडली असं सगळ्यांना वाटलं. गिटार ठीक होती. एकेरी वेटोळ्याचा पिकअप आसपासच्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुण उचलतोच. आपलं शरीरही ती उचलून पिकअपकडे पोचवतं. तारा अर्थिंगला जोडलेल्या असतात, त्यामुळे तारांना हात लागला की शरीर अर्थ होतं आणि गुणगुण कमी होते. गिब्सनच्या सेथ लव्हरने १९५५ साली दोन वेटोळी उलटसुलट जोडून या गुणगुणीवर तोड काढली, तोच हंबकर. एकेरी पिकअपच्या गिटारमध्ये आतल्या पोकळीला तांब्याची पट्टी लावून ती अर्थला जोडली तरी बराच फरक पडतो.

पण तारा अर्थला जोडलेल्या आहेत याचा दुसरा अर्थ असा की, अ‍ॅम्पचं अर्थिंगच नसेल आणि अ‍ॅम्पमध्ये बिघाड झाला, तर तारांमध्ये वीज उतरू शकते. १९७२ साली स्वान्सीत स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस हार्वे अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला हात लागून मंचावरच मरण पावला. आपल्याकडे जुन्या घरांत तिसऱ्या पिनच्या भोकामागे तारच नसते, मंडपात तर टू-पिनवर सगळं चालतं. अ‍ॅम्पची तिसरी पिन कापून टाकणारे मालक मला भेटले आहेत. कृपा करून असं करू नका. शंभर-दोनशे रुपयांत इलेक्ट्रिशियन अर्थिंग तपासून देतो. मायक्रोफोनला ओठ लागून चटका बसत असेल तर वाजवणं तिथेच थांबवा.

*

कोथरूडच्या एका संगणक अभियंत्याने अकरा हजारांच्या गिटारमध्ये बारा हजारांचे परदेशी पिकअप घातले. बुधवार पेठेतून नवे पोटेन्शिओमीटर आणि कपॅसिटर आणले, सगळं स्वतः सोल्डर केलं. काम सुबक होतं. आवाज बदलला, उजळला. पण पहिल्या फ्रेटवरचा स्वर चढा होता तो चढाच राहिला, कारण नटला हात लावला नव्हता. असे मालक पुष्कळ आहेत, आणि त्यांचा उत्साह मला मनापासून आवडतो. फक्त क्रम उलटा होतो. स्वस्त पिकअपमध्ये सहसा तळाशी सिरॅमिक चुंबकाची पट्टी आणि वर पोलादी खिळे असतात, महागात अल्निकोच्या कांड्या. आवाजात फरक आहे, पण सिरॅमिकचा आवाज वाईट असतो असं नाही. आधी नट, मान आणि फ्रेट. मग खरखरणाऱ्या व्हॉल्यूमच्या बटणात कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा. सैल जॅक घट्ट करायचा. एवढं करून महिनाभर वाजवल्यावरही पिकअप खटकत असेल तर जरूर बदला. मामांच्या अनुभवात तेवढं झाल्यावर बहुतेक जण बदलतच नाहीत.

या सगळ्या शोधात मला सारखी मिरज आठवत होती. तिथल्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. भोपळा, तून लाकूड, कोरीवकाम हे सगळं झाल्यावर कारागीर घोडीची जवारी काढायला बसतो. तार जिथे घोडीला चाटून जाते ती पाठ तो घासतो, ऐकतो, पुन्हा घासतो. जवारी निघेपर्यंत तंबोरा बोलत नाही, आणि काही महिने वाजवल्यावर ती पुन्हा काढावी लागते हे प्रत्येक गवयाला ठाऊक असतं. आपल्या संगीतात हे काम वाद्याचा भागच मानलं गेलं. त्याची मजुरी देताना कुणी कुरकुरत नाही, आणि जवारी उतरलेल्या तंबोऱ्यावर गाऊन स्वतःच्या गळ्याला दोष देणारा शिष्य गुरू घडू देत नाहीत. गिटारच्या वर्गांत शेकडो मुलं येतात, त्यांच्या शिक्षकांनी पहिल्या दिवशी मुलाची बोटं बघण्याआधी त्याची गिटार हातात घेऊन पहिल्या तीन फ्रेटवर वाजवून पाहावी, असं मला कळकळीने वाटतं. विक्रेत्यांनी खोकं उघडून सेटअप करूनच गिटार द्यावी आणि त्याचे पैसे उघडपणे लावावेत. पुण्या-मुंबईतली काही दुकानं हे करतातही. पंधरा हजारांत गिटार घ्यायची असेल तर तेरा हजारांची घ्या आणि दोन हजार सेटअपला ठेवा. पंधरा हजारांच्या न लावलेल्या गिटारपेक्षा ती नक्की बरी वाजेल.

जुनी गिटार मिळाली तर त्याहून चांगलं. कपाटावर पडून राहिलेल्या गिटार अर्ध्या किमतीत विकायला निघतात, आणि त्यांचं लाकूड दोन-चार पावसाळे-उन्हाळे बघून स्थिरावलेलं असतं. घ्यायला जाताना छोटी अ‍ॅलन की सोबत न्या. मान डोळ्यासमोर धरून तिला पीळ पडलेला नाही ना ते बघा, प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर एकदा वाजवा, आणि मालकाची परवानगी घेऊन ट्रस रॉड अगदी थोडा फिरवून पाहा. गंज, ओरखडे, खरखरणारी बटणं, तुटलेला जॅक, हे सगळं दुरुस्त होतं. ट्रस रॉड जागीच अडकला असेल, किंवा नुसताच फिरत असेल आणि मान हलत नसेल, तर गिटार कितीही सुंदर दिसली तरी परत द्या.